‘नको’ची जागा

मी एक पुठ्ठ्याचा फळा. बोलणं हेच माझं काम, पण बोलतो ते सगळं दुसऱ्याच्या मनातलं.

माझा जन्म कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात झाला. फ्रिजच्या खोक्याची एक बाजू कापली, तिच्यावर चित्रं चिकटवली, वरून प्लास्टिक चढवलं आणि झालो मी. मला करणारी मुलगी चांगलीच उंच, म्हणून मैत्रिणी तिला शिडी म्हणत. ज्या घरांत अपंग मुलं आहेत, तिथे ही कॉलेजची मंडळी दर शनिवारी जायची. मुलांशी खेळायची, तेवढीच त्यांच्या आयांना पाठ टेकता यायची.

शिडीच्या वाट्याला आलेली सात वर्षांची मुलगी बोलू शकत नव्हती. हात थरथरायचा, पण मूठ हवी तिथे पडायची. तिच्यासाठी मी: ज्या चित्रावर मूठ पडेल, ते तिला हवं. दूध, पाणी, गाणं, चेंडू, दार, झोप, हवं ते सगळं माझ्यावर होतं. शिडीनं अगदी जीव ओतला होता हो माझ्यात.

मुलीच्या खुर्चीपुढच्या फळीवर मला ठेवलं. तिची आई भाविक. पोरीला चालू दे, बोलू दे, हे मागणं तिनं केव्हाच सोडलं होतं. आता हात जोडले की एकच मागायची, ‘माझ्या पोरीला कळतं का, एवढं मला कळू दे.’

आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दूध पुढे आलं की मूठ ‘झोप’वर. केस विंचरायला घेतले की ‘झोप’. आई बिचारी लगेच निजवायची, आणि पोर टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत राहायची. डॉक्टरांना दाखवून झालं. आत्या आली, तिनं तर निकालच देऊन टाकला. “वहिनी, तिला काय कळतंय? हात पडेल तिथे मारते. त्या पोरांना काय, हौस.”

आईनं माझ्याकडे हात नेला. मला कपाटावर टाकायचं तिच्या मनात आलं होतं. तिची बोटं माझ्या कडेला लागून थबकली, ते मला कळलं.

शनिवारी शिडी आली आणि गायला लागली. देवानं तिला उंची देताना सूर द्यायचा राहून गेला असावा. मूठ लगेच ‘झोप’वर आली. शिडीनं दुसरं कडवं घेतलं. मूठ पुन्हा ‘झोप’वर, या वेळी दाणकन.

“तुझं गाणं ऐकून मलाही झोपच येते गं,” आई हसत म्हणाली, आणि हसता हसता थांबली. “अगं, हिला झोप नाही आली. निजवलं की सगळं थांबतं, सगळे तिला सोडून जातात ना? ही तुला गप्प बस म्हणतेय.”

शिडीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काकू, आम्ही ‘नको’ ठेवलंच नाही.”

तिथल्या तिथे तिनं ‘नको’ म्हणणाऱ्या आडव्या हाताचं चित्र काढलं आणि माझ्या कोपऱ्यात चिकटवलं. त्या दिवशी घरात ‘नको’चा नुसता सपाटा सुरू झाला. दूध नको, कंगवा नको, लाल फ्रॉक तर मुळीच नको. संध्याकाळी आत्या पापा घ्यायला वाकली, तर तीही नको.

“शिंगं फुटली हो हिला,” आत्या पुटपुटली.

“फुटू देत, वन्सं,” आई डोळे पुसत म्हणाली. “कळतं माझ्या पोरीला.”

मग परवा शाळेच्या बाई आल्या. गाडी सकाळी नेईल, संध्याकाळी आणून सोडेल, म्हणाल्या. पोर एक दिवसही आईच्या नजरेआड गेली नव्हती. मोठ्यांचं बोलून झाल्यावर आई खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

“शाळेत जायचं का बाळा? नको असेल तर नको.”

मूठ थरथरत ‘नको’वर आली. पण मूठ तिथे टेकली नाही. सरकत सरकत पुढे गेली आणि ‘दार’च्या चित्रावर पडली. मग पुन्हा एकदा, ‘दार’वरच.

आज माझ्या कडा उकलल्यात, ‘नको’चं चित्र घासून पांढरं पडलंय. असू दे. माझ्यासारखे फळे करणाऱ्या मुलांनो, देव तुमचं भलं करो. फक्त दूध-पाण्याच्या आधी ‘नको’ चिकटवा.

खाली गाडीचा हॉर्न वाजतोय. आईनं मला खुर्चीला घट्ट बांधलंय.

येतो.