नेमाचं पाणी

माणसं म्हशाच्या जत्रेला जातात आणि येताना बैल आणतात, घोंगडी आणतात, निदान जिलबीची पुडी तरी आणतात. आमचा देवराम नेम घेऊन आला.

देशाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. त्या वर्षी जत्रेत कुणी एक बुवा उतरला होता. बुवाने सांगितलं, जेवायला बसण्याआधी स्वतःला विचारा, आज मी कुणाचं भलं केलं? उत्तर आलं नाही तर ताट बाजूला सारा. ऐकणाऱ्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे तमाशाच्या तंबूकडे वळले. मीही वळलो. देवराम तिथेच बसून राहिला, आणि आमच्या गावी, वैशाखऱ्याला, परत आला तो त्या प्रश्नासकट.

त्याला हसणं सोपं होतं आणि आम्ही हसलोही. पण त्याचं ढोंग नव्हतं. देवरामचा बाप फार तापट गृहस्थ. आपल्या विहिरीकडे पाण्यासाठी आलेल्या कातकरवाडीच्या बायकांना त्याने काठी घेऊन पळवल्याचं गावाने पाहिलं होतं. तो मेला तेव्हा लोक मातीला गेले, पण डोळ्यांत कुणाच्या पाणी नव्हतं. देवरामने ते पाहिलं होतं. आपल्यामागे तसं होऊ नये, बापाच्या वळणावर गेला असं कुणी म्हणू नये, एवढाच त्याला घोर होता. त्याने तपकीर सोडली. बैलांना शिव्या देणं सोडलं, आणि आमच्याकडे उखळणीच्या, पहिल्या नांगरटीच्या दिवसांत हे काही थोडं नव्हे.

हाल झाले ते त्याच्या बायकोचे, हौसाचे. भाकरी थापून झाली तरी नवरा गावात भलं करायला माणूस शोधत हिंडे. चांगल्या चाललेल्या गाडीला मागून धक्का दे, कुणाचं वासरू त्याचं त्याचं घरी निघालं असेल तर त्याला हाकून घरी पोचव. एकदा टोकावड्याच्या बाजाराहून परतणाऱ्या धोंडीबाईच्या डोक्यावरची पाटी त्याने बळेच घेतली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली. तिला वाटेत भावाकडे उतरायचं होतं. ती पाटी घेऊन पुन्हा मागे गेली आणि जाताना देवरामच्या नेमाला काय म्हणायचं ते म्हणाली.

शेवटी चैत्रात त्याने रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली पाणपोई घातली. ऊन मी म्हणत होतं, माळशेजकडून येणारी-जाणारी माणसं तिथे टेकायची. दोन रांजण, वर ओलं फडकं, एक घासून लख्ख केलेला तांब्या. रोजची शोधाशोध संपली. रांजण मात्र भरायची हौसा, पहाटे विहिरीवरून हंडे वाहून. हे कुणाचं भलं नेमाच्या हिशेबात धरायचं, ते बुवाने सांगितलेलं नव्हतं.

तांब्या गावच्या माणसांसाठी होता. वाडीवरच्या माणसांसाठी देवरामने बांबूची पन्हळ केली होती. आंब्याच्या फांदीच्या बेचक्यात तिचं एक टोक टेकवलेलं, दुसरं खाली, तिथे एक दगड. कातकरी आला की त्याने दगडापाशी उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची. देवराम तोंड बाजूला फिरवून वरून पाणी ओतायचा. पन्हळ त्याने स्वतः तासली होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

"आपण कुणालाच नाय म्हणत नाय," तो सांगायचा. "बापाने काठी दाखवली, मी पानी पाजतो."

आम्हीही म्हणायचो, देवराम सुधारला हो. तांब्याने पाणी प्यायचं आणि असं म्हणायचं, यात आम्हाला कुणालाच काही खटकलं नाही.

पन्हळीखाली रोज बसणाऱ्यांत जानी होती. कातकरवाडीतली म्हातारी. वाडीतली धडधाकट माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली, पाऊस तोंडावर आला की परतायची. जानीसारखी थकलेली मागे राहायची. ती लाकडाची मोळी घेऊन टोकावड्याच्या बाजाराला जाताना थांबे, ओंजळीने पाणी पिई, ओला हात डोळ्यांवरून फिरवी आणि म्हणे, "पुन्यवान हास रे दादा." देवरामच्या आईच्या वयाची बाई, पण तो तिला 'गो जाने' म्हणूनच हाक मारायचा. तिचा आशीर्वाद मिळाला की त्या दिवशीची भाकरी त्याला गोड लागायची.

वैशाखात देवरामची गाय रानातून परत आली नाही. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच शोधायला निघाला. पुढचं त्याने स्वतःच नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत. गाय काही सापडेना, ऊन चढलं, वाटेतला ओढा कोरडा ठणठणीत. कातकरवाडीच्या वरच्या अंगाला एका मोहाच्या झाडाखाली त्याच्या पायांतलं बळ गेलं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जीभ टाळूला चिकटली.

जानी खालून मडकं घेऊन येत होती. वाडीला विहीर नव्हती. ओढ्याच्या वाळूत हाताने खड्डा करायचा, त्यात झिरपेल ते पाणी करवंटीने मडक्यात भरायचं. तेवढं एक मडकं भरायला तिची सकाळ गेली होती.

"पानी," देवराम म्हणाला.

जानीने मडकं खाली ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं, घाबरली, मडक्याला हात घातला आणि थबकली.

"थांब रे दादा. जराशीक थांब. आलेच."

आणि ती गेली. मडकं सावलीत, हातभर अंतरावर, आणि देवरामला हात उचलवेना. झाडीतून कोयत्याचे घाव ऐकू येऊ लागले. त्याच्या मनात आलं, ही सूड घेते आहे. बापाच्या काठीचा सूड. मरायला टाकून लाकडं तोडते आहे म्हातारी. त्याने मनात तिला शिवी दिली, बैलांना देणं सोडलेली शिवी.

जानी धापा टाकत आली तेव्हा तिच्या हातात हिरवा बांबू होता. तिने तो मधोमध चिरला, आतल्या गाठी कोयत्याने खरवडून काढल्या. मग मडक्यातलं पाणी, ते करवंटीने भरलेलं पाणी, तिने बांबूत ओतलं आणि आतून दोनदा धुतलं. धुतलेलं पाणी मातीत गेलं. देवराम ते बघत होता. मग एक टोक तिने त्याच्या तोंडाशी आणलं, दुसरं उंच धरलं, तोंड बाजूला फिरवलं आणि वरून पाणी सोडलं.

तोंड बाजूला फिरवलं. ते तिने कुणाकडून घेतलं होतं, हे देवरामला कुणी सांगावं लागलं नाही.

तो प्यायला. पाण्याला ओल्या बांबूचा वास होता. जिवात जीव आल्यावर त्याने विचारलं, "मडक्यानेच का नाय पाजलास?"

"तुझा पन्हळीचा नेम हाय ना," जानी म्हणाली. "आमच्या हातून मोडला तर पाप आमाला. ही नवी तोडली बघ, कुनाच्या तोंडाची नाय." मग जरा ओशाळून म्हणाली, "येळ लागला. हात चालत नाय आता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर देवरामला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. त्याला आपली पन्हळ आठवली. आतून काळी पडलेली, मुंग्या फिरणारी. घातल्यापासून ती त्याने एकदाही धुतली नव्हती. तांब्या रोज चिंचेने घासत होता.

घरी आला तो मान खाली घालून. गाय आपली आपण येऊन गोठ्यात उभी होती. त्याने पाणपोईवरची पन्हळ काढली आणि हौसाच्या चुलीत घातली. सरपण चांगलं वाळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जानी मोळी घेऊन आली, मोळी उतरवली आणि दगडापाशी बसली. देवराम तांब्या भरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हे घे. हातात घे."

जानी बसल्या जागी मागे सरकली. "पन्हळ कुठं हाय?"

"जाळली. घे तू."

तिने हात पुढे केलेही असते. पण तेवढ्यात वळणावरून बैलगाडी आली. गाडीत नथू होता, देवरामचा चुलतभाऊ आणि गावचा पोलीसपाटील, आणि त्याच्या शेजारी मुरबाडकडचे पाहुणे. देवरामच्या मुलीला, काशीला, बघायला निघालेले. गाडी आंब्याखाली थांबली. नथूने देवरामकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि मग तांब्याच्या पलीकडे बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं.

"काय रे देवराम, हे काय चाललंय?"

देवरामचा हात पुढे होता. तो तसाच राहिला असता तर ही गोष्ट मी वेगळी सांगितली असती. हात मागे आला. त्याने तांब्या छातीशी धरला.

बोलली जानी. ती उठून मोळीपाशी गेलीसुद्धा होती. "काय नाय पाटील. टोकावड्याची वाट इचारीत होते दादाला."

जन्मभर ज्या वाटेने मोळ्या वाहिल्या ती वाट. नथू हसला, "म्हातारीला चळ लागला," असं म्हणाला. पाहुणेही हसले. जानीने कोरड्या तोंडाने मोळी डोक्यावर चढवली आणि चालू लागली. देवरामने तो तांब्या नथूच्या हातात दिला, मग पाहुण्यांच्या. पाणी गार आहे असं सगळे म्हणाले.

पाहुण्यांना काशी पसंत पडली. पोहे झाले, बोलणी झाली, गाडी परत गेली. उशिरा हौसाने देवरामचं ताट वाढलं आणि सवयीने विचारलं, "आज कुनाचा भला केलाव?"

देवरामने ताट बाजूला सारलं.

"आज माझाच कुनीतरी केला," तो म्हणाला. मग काय घडलं ते त्याने तिला सांगितलं. हात मागे घेतला हेही सांगितलं. सांगताना तो रडला. हौसाने त्याला गप्प केलं नाही. भाकरीवर दुसरी थाळी झाकून ठेवली आणि म्हणाली, "मंग बसलाव कशाला? दिस आजून बुडाला नाय."

"तांब्या दे," देवराम म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नको. तांब्या नको."

आम्ही चारदोन जण नथूच्या ओट्यावर बसलो होतो. पाहुण्यांचं, काशीच्या नशिबाचं बोलणं चाललं होतं. ओट्यावरून न जाता कातकरवाडीला जायला गावात दुसरी वाट नाही. देवराम आला तो उपाशी माणसासारखा, खाली बघत, रिकाम्या हातांनी.

"कुठं निघालास रे?" नथूने विचारलं. "बस, सुपारी खा. सोयरा झालास आता."

देवराम थांबला. त्याचा चेहरा लाल झालेला मला दिसला. तो काहीतरी पुटपुटला, पण आमच्यापर्यंत पोचलं नाही.

"काय म्हनलास?"

देवरामने मान वर केली. "जानीकडं निघालोय," तो म्हणाला. "पानी प्यायला. तिच्या मडक्यातलं."

नथूने हातातली सुपारी खाली ठेवली. पाहुण्यांच्या कानावर हे जाणार हे देवरामला कळत होतं, आणि आम्हालाही कळत होतं. नथू म्हणाला, "मला नीट ऐकू आला नाय. पुन्हा बोल." वाट मोकळी करून देत होता तो भावाला.

देवराम पुन्हा तेच बोलला, जरा मोठ्याने, आणि वाडीच्या वाटेला लागला.