काचेवरचा धुराचा डाग

मी एक जुना परवाना आहे. बिश्केक शहरात, बाजारामागच्या गल्लीत, तुर्दुबेक नावाच्या खाजगी गुप्तहेराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत राहतो.

मित्रांनो, सरकारी शिक्का अंगावर पडला तेव्हा मी दचकलोच होतो. पण तुर्दुबेकने मला दोन्ही हातांनी घेतले, तळवे चेहऱ्यावरून फिरवून देवाचे आभार मानले, आणि माझी भीती गेली. माझ्या पाठीवर नियम छापलेले आहेत. कुणाचे बोलणे चोरून ऐकू नये. कुणाच्या घरात शिरू नये. आणि शोधलेल्या माणसाला धोका असल्याचा संशय आला, तर त्याचा पत्ता गिऱ्हाइकाला देऊ नये.

संशयाचे म्हणाल, तर तो तुर्दुबेकच्या रक्तातच. त्याची बायको बुरुल म्हणायची, "दारात देवदूत आला तरी तुम्ही त्याचा परवाना मागाल!"

"मागेन की. खरा असेल तर दाखवेल," हा म्हणायचा.

लोक आत येत, माझ्याकडे बघत, आणि मगच मनातले सांगत. ती माझी खरी कमाई.

एका हिवाळ्यात एक तरणा गडी आला. डोळ्यांत पाणी. "बाइके," वडीलधाऱ्याला हाक मारावी तसे तो म्हणाला, "माझी सख्खी बहीण साल्किन घर सोडून गेलीय. आई अंथरुणाला खिळलीय. आम्ही दोघं एकाच बापाची, साम्सालीची लेकरं. शोधून द्या!"

तुर्दुबेकचे मन द्रवले. त्याने नारिनच्या डोंगरात साल्किनला शोधले. ती लोकरीचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, थापत होती. हा नमदा घ्यायचे निमित्त करून बसला, आणि आमच्याकडे कुठलाही म्हातारा तरुणांना विचारतो तसे विचारले, "पोरी, कुणाची तू? सात पिढ्या सांग बघू." तिने हसत घडाघडा सांगितल्या. साम्साली, त्याचा बाप जापार, त्याचा बाप एशिम...

परत येऊन हे सारे त्याने बुरुलला सांगितले, आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. गडी चिठ्ठी घ्यायला आला. पण आज त्याने आजारी आईचे नावही काढले नाही. त्याची नजर सारखी खणाकडे.

तुर्दुबेकने अर्धी वाटी चहा ओतला. "घे बाळा. घाई काय? सात पिढ्या सांग तुझ्या."

गडी छाती काढून म्हणाला, "साम्साली. त्याचा बाप कोजोबेक, त्याचा बोतोय, त्याचा..."

मित्रांनो, आमच्याकडे माणूस जगाशी खोटे बोलेल, पण लहानपणी आजोबांच्या मांडीवर पाठ केलेले पूर्वज त्याच्या जिभेला बदलता येत नाहीत. पहिले नाव त्याने उसने घेतले होते. पुढे जीभ आपल्याच वाटेने गेली.

"अरे, एका साम्सालीला दोन बाप कसे?" तुर्दुबेक शांतपणे म्हणाला. "नवरा आहेस का तिचा? मारायचास?"

गडी उठला. सगळे पाणी डोळ्यांतून पळाले होते. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "म्हाताऱ्या, वसंतात तो कागद नवा करून घ्यायचाय ना? माझा मामा त्याच कचेरीत बसतो. चिठ्ठी दे."

तुर्दुबेकने माझ्याकडे पाहिले. मी त्याची भाकरी होतो हो! मग त्याने गड्याची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी पुन्हा पुन्हा देतात. काठोकाठ भरली, की समजावे, निघा आता.

"वाटी भरली, बाळा," तो म्हणाला.

गडी गेल्यावर त्याने चिठ्ठी चहाचे पाणी उकळणाऱ्या सामोवारच्या निखाऱ्यात टाकली. धूर सरळ वर आला आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यावर बसला.

वसंत आला. कचेरीतून उत्तर आले, चौकशी चालू आहे. ती अजून चालूच आहे. गिऱ्हाइके येतात, माझी सरलेली तारीख वाचतात आणि परततात. बुरुल बाजारात रोट्या विकते, आणि तुर्दुबेक तिच्या टोपल्या वाहतो. मला मात्र त्याने उतरवले नाही.

मित्रांनो, कुणी डोळ्यांत पाणी आणून एखादीचा पत्ता विचारला, तर आधी त्याची ओळख विचारा. आणि माझ्यासारखी जुनी चौकट कुठे दिसली, तर तिची धूळ जरूर पुसा. कोपऱ्यातला धुराचा डाग तेवढा राहू द्या.