पेंदेबूची हिरवी खुंटी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे मला कोंबड्यांच्या खुराड्याचं दार समजतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण माझ्या अंगावर एकशे बारा भोकं आहेत. पण मी दार नव्हे. मी एक जुना लाकडी तक्ता आहे, सिएरा लिओनच्या पूर्वेकडच्या एका जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतला. सध्या कचेरीमागच्या कोठारात, मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्यांआड उभा असतो. गठ्ठे येतात आणि गावोगाव निघून जातात. मी तिथेच राहतो. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

अकरा वर्षांचं युद्ध संपलं त्या साली केनेमाच्या एका सुताराने मला घडवलं. तो शवपेट्या करायचा आणि शाळेची बाकंही करायचा. त्या वर्षी पेट्यांची मागणी घटली होती आणि बाकांची वाढली होती. शांतता आली हे त्याला रेडिओच्या आधी कळलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मग एका रंगाऱ्याने माझ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला. मोआ नदी काढताना त्याला राहवलं नाही आणि त्याने पाण्यात एक पाणघोडा काढला. डॉ. सामाईंनी तो पुसायला लावला. आरोग्य खात्यात पाणघोड्याचं पद मंजूर नाही, असं ते म्हणाले.

डॉ. सामाई म्हणजे जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी. जिल्ह्यात तेव्हा डॉक्टर तेवढे एकच होते. कचेरीचे कागद जळाले होते, नवे आणले तर वाळवी खायची. मदतीला आलेल्या एका देशाने दिलेला संगणक होता, पण वीज नव्हती. त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घालून त्याला नव्या नवरीसारखं कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. तेव्हा कोणत्या दवाखान्यात कोण आहे आणि कुठे कोणी नाही, हे एका नजरेत दिसावं म्हणून माझा जन्म झाला.

माझा नियम सोपा होता. प्रत्येक गावच्या दवाखान्यापुढे जितकी पदं, तितकी भोकं. माणूस नेमला की त्याच्या नावाची खुंटी भोकात बसवायची, गेला की काढायची. डॉक्टरांची लाल, साध्या नर्सची निळी, बाळंतपणाच्या नर्सची हिरवी. भरलेल्या भोकाची काळजी नाही. रिकाम्या भोकापुढे थांबायचं आणि विचार करायचा.

युद्धाआधी एकशे बारा माणसं होती. पहिल्या महिन्यात माझ्यावर खुंट्या लागल्या एकोणतीस.

बाकीचे कुठे गेले? काही मेले, काही शेजारच्या गिनी देशात निर्वासितांच्या छावण्यांत होते, काहींनी परदेशात नोकऱ्या धरल्या होत्या. जे परत आले त्यांची प्रमाणपत्रं घरासकट जळालेली. त्यामुळे डॉक्टर त्यांना पट्टी बांधायला लावायचे, तापाच्या औषधाचं प्रमाण विचारायचे. एक गृहस्थ, आपण बारा वर्षं नर्स होतो असं सांगत आले. त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन असा ढवळला, की डॉक्टरांनी हळूच विचारलं, तुम्ही इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होता का? होते. दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीत भात रांधू लागले आणि फार चांगला रांधू लागले. बंडखोरांच्या बाजूला जंगलात राहून जखमा शिवणारा एक तरुणही आला. त्याला पाहून बाकावरचे लोक सरकून बसले. डॉक्टरांनी त्याच्याकडून एक जखम शिवून घेतली, टाके मोजले आणि त्याला निळी खुंटी दिली. बाकावरच्यांनी पुढचा महिनाभर कुरकुर केली आणि मग त्याच्याकडूनच गळू कापून घेतलं.

या सगळ्या नोंदी ठेवायचा जुसू कलोन. पन्नाशीचा, बारीक अंगाचा कारकून. खुंट्या तोच तासायचा, त्यांवर नावं तोच घालायचा. दर सकाळी फडक्याने मला पुसायचा. मला हात लावणारं असं तेवढंच माणूस. त्याच्या फडक्यावरून मला कळायचं, आज याचं पोट भरलेलं आहे की नाही.

मित्रांनो, आता एक गोष्ट कबूल करतो. माझ्या एकोणतीस खुंट्यांपैकी एक खोटी होती.

नदीपलीकडे जंगलाच्या कडेला पेंदेबू नावाचं गाव आहे. तिथल्या भोकात जुसूने सर्वांत आधी एक हिरवी खुंटी बसवली. तिच्यावर नाव होतं बाइंदू कलोन. ही जुसूची धाकटी बहीण, पेंदेबूची बाळंतपणाची नर्स. चार वर्षांपूर्वी गावावर हल्ला झाला, त्यानंतर ती कोणाला दिसली नव्हती. तिचा देह मिळाला नव्हता आणि ती गेली असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी भात रांधतात, आप्तांना जेवू घालतात आणि मग त्याला जाऊ देतात. पण गेल्याचा दिवसच माहीत नसेल तर चाळीस मोजायचे कुठून? जुसूने मोजले नाहीत. तिच्या नावाचा पगार त्याने कधी मागितला नाही. त्याला तिची जागा तेवढी राखायची होती. इतर खुंट्यांवरून तो फडकं नुसतं फिरवायचा, तिच्यावर थांबायचा.

आणि मी तिला छातीवर घेऊन उभा राहिलो. जिल्ह्यात चालू स्थितीतली जीप एकच. डॉक्टर ती घेऊन रिकाम्या भोकांच्या गावी जायचे. जिथे खुंटी आहे तिथे जायला त्यांना सवड नव्हती. पेंदेबूची तर होडीही बुडालेली. एकदा तिकडून निरोप आला, नर्स पाठवा म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, यांच्याकडे आहे की. जुसू शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. दरवर्षी राजधानीत रिकाम्या जागांची यादी जायची आणि शिकून तयार झालेल्या नव्या नर्स त्या यादीप्रमाणे वाटल्या जायच्या. अशा तीन याद्या गेल्या. पेंदेबूचं नाव एकीतही नव्हतं.

चौथ्या वर्षी, यादी जायच्या त्याच आठवड्यात, तेन्ने आजी आली. पेंदेबूची जुनी सुईण. दोन दिवस चालून आली होती, डोक्यावर शेंगदाण्यांचं गाठोडं. मंगळवार होता, कचेरीत लस न्यायला आलेल्यांची गर्दी होती. तिने गाठोडं जुसूच्या टेबलावर ठेवलं, रिवाजाप्रमाणे त्याच्या घरच्यांची चौकशी केली, रस्त्याला शिव्या दिल्या आणि मग विचारलं, "आमची नर्स कधी पाठवताय?"

जुसूच्या हातातलं फडकं थांबलं. "पेंदेबूला नर्स आहे, आजी. नोंद आहे."

"आहे? मग फार लाजाळू दिसते बाई. गाव परत वसून चार वर्षं झाली, एकदा अंगणात आली नाही."

"नोंद आहे, आजी."

"अरे, नोंदीला नाळ कापता येते का? येत असेल तर तीच दे, डोक्यावर घेऊन जाते."

लसवाले हसले. डॉक्टर दारात येऊन उभे राहिलेले कोणाला दिसलं नव्हतं. ते माझ्यापाशी आले, हिरव्या खुंटीवरचं नाव त्यांनी वाचलं. शेवटचा अहवाल कधी पाठवला होता या बाईंनी, असं त्यांनी विचारलं. जुसू फडक्याची घडी घालू लागला. मग डॉक्टरांनी ते नाव पुन्हा वाचलं, या वेळी आडनावासकट, आणि आवाज खाली आणला.

"तुझी कोण ही?"

"बहीण आहे."

"आहे?"

"नाही असं कोणी सांगितलेलं नाही, साहेब."

डॉक्टरांनी लसवाल्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्यांनी खुंटीला हात लावला नाही. यादी शुक्रवारी जाते, तू लिहिशील तशी मी सही करीन, एवढं बोलून ते आत गेले. तेव्हा मला ते भित्रे वाटले. पुढे पुष्कळ वर्षं एकट्याने विचार केल्यावर मत बदललं.

तेन्ने आजी बाकावर बसली. हा बाइंदूचा भाऊ, हे तिला आत्ता कळलं होतं. तिने विनोद थांबवला आणि त्या दिवसाची हकीकत सांगितली. हल्ला झाला तेव्हा त्या दोघी एका बाळंतिणीपाशी होत्या. बाळ आलं तसं त्या पळाल्या. जंगलाच्या कडेला बाइंदूने बाळ आजीच्या हातात दिलं आणि आईला आणते म्हणून माघारी गेली. ते बाळ आता आठ वर्षांचं आहे, आंब्याच्या झाडावरून उतरत नाही.

"मेली का ती?" जुसूने विचारलं. हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मी पाहिलं नाही. मेली म्हणाले तर तुला सोपं जाईल. आहे म्हणाले तर गोड वाटेल. मला दोन्हीतलं एकही ठाऊक नाही, तर सांगू कुठून?" मग तिने आपले हात त्याच्यापुढे धरले. "माझे डोळे गेलेत, बाबा. बाळ कसं वळलंय ते या हातांना कळतं. रक्त किती गेलं ते नाही कळत. गावात सात जणी पोटुशी आहेत आणि पहिलीला महिनाही उरला नाही."

जुसू म्हणाला, खुंटी काढली म्हणजे ती गेली असं मीच सांगितल्यासारखं होईल.

"तिची जागा कोण घेतंय? कोणीतरी बसू दे तिथे. बाइंदू आली तर ती उठेल, नाहीतर आपण दुसरी चटई टाकू. आमच्या गावात चटया कमी नाहीत."

बुधवारी जुसूने मला पुसलं नाही. गुरुवारी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तो आला आणि त्याने ती खुंटी धरली. चार पावसाळ्यांची ओल पिऊन ती फुगली होती, सहज निघेना. त्याने ती हळूहळू फिरवली, दात काढताना फिरवतात तशी, आणि ओढली. मला दुखलं नाही. पण त्या भोकातून भिंतीचा गार वारा आला आणि मला समजलं की इतकी वर्षं मीही तिला धरून होतो. जुसूने खुंटी खिशात घातली, टेबलाशी बसला आणि यादीत पेंदेबू लिहिलं. शुक्रवारी डॉक्टरांनी सही केली.

मृत्यूचा दिवस माहीत नव्हता, म्हणून जुसूने त्या गुरुवारपासून चाळीस दिवस मोजले. चाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी भात आणि कसावा कंदाच्या पाल्याची भाजी रांधली. रांधायला तेच थर्मामीटरवाले गृहस्थ होते. डॉक्टर गेले, झाडणारी गेली, लसवालेही गेले. कचेरीला कुलूप लागलं. मी भिंतीवर एकटा होतो. बाइंदूला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मलाही जेवणाला बोलावायला हवं होतं असं वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात पेंदेबूला नवी नर्स गेली. जेब्बे सोवा नाव, चोवीस वर्षांची, चपला हातात घेऊन नदी ओलांडणारी. तिची खुंटी त्या भोकात सैल बसत होती, म्हणून जुसूने तिला दोन वेढे दोरा गुंडाळला. थोड्या दिवसांनी तिचा पहिला अहवाल आला. जुसूने तो डॉक्टरांना उभ्याने वाचून दाखवला. सहा जणी सुखरूप, त्यांतल्या दोघी बाळंत झालेल्या. सातवीबद्दल एकच ओळ होती: याता, वय एकोणीस, मी येण्याच्या पंधरा दिवस आधी रक्तस्रावाने गेली, बाळही गेलं.

जुसूने ती ओळ दोनदा वाचली. मग तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याची बोटं एका भोकावरून दुसऱ्यावर फिरत होती.

"हिला कुठे लावू, साहेब?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्यावरची सगळी भोकं काम करणाऱ्यांसाठी होती.

पुढे वीज आली, संगणकावरचं कापड निघालं आणि मी कोठारात आलो. जुसू निवृत्त झाला. जाताना तो मला पुसायला कोठारात आला होता, पण पुढे गठ्ठे रचलेले असल्यामुळे त्याचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही. माझ्या काही खुंट्या चुलीत गेल्या, काहींशी पोरं खेळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्यातलं कोणीतरी मोठं होऊन अशाच एखाद्या मोडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या देशात माणसं मोजायला बसेल. कागदावर मोजेल, नाहीतर पडद्यावर. जिथे जागा भरलेली दिसते त्या गावी त्याने एकदा चालत जावं. आणि आखणी करताना एक रांग अशी ठेवावी, जिच्यात नर्सची वाट पाहणाऱ्यांची नावं लिहिता येतील, त्यांची वाट पाहणं चालू आहे तोवर.