शिंपल्याला जेवू घालणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि खरे सांगायचे तर फार दमलेला आहे. सध्या माझा मुक्काम दातांच्या दवाखान्यातल्या आतल्या खोलीत, मांडणीवर, कापसाच्या खोक्यांशेजारी असतो. माझ्या पत्र्यावर मिठाचे पांढरे डाग पडले आहेत आणि एक वायर लोंबते आहे. माझी कहाणी कुणी विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवणार नाही.

कारखान्यात मला घडवले तेव्हा मी मोठा रुबाबदार होतो. अंगात शेजारी शेजारी चार ट्यूब आणि प्रत्येकीच्या पाठीशी चकचकीत पत्रा, म्हणजे उजेड इकडेतिकडे न सांडता थेट खाली जावा. तिथून मी माशांच्या दुकानात आलो. एक दिवस तिथे दातांचे डॉक्टर आले. सोबत त्यांच्या मदतनीस होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. दवाखान्यात थांबलेल्या मुलांची भीती कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची लहानशी टाकी ठेवली होती. तिच्यात त्यांनी नुकताच एक जिवंत शिंपला आणला होता. नागमोडी काठाच्या दोन शिंपा आणि मधून बाहेर डोकावणारी निळी-हिरवी मऊ झालर, असा तो होता.

डॉक्टरांनी आधी एक स्वस्तातली ट्यूब उचलली. दुकानदारकाकांनी मान हलवली.

"मासा दाणे खातो, डॉक्टर. हा उजेड खातो."

मग त्यांनी समजावले, की शिंपल्याच्या झालरीत डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यावर शिंपला जगतो. हे ऐकताच डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेले आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत तापणारा दिवा मागू लागले. एवढ्याशा टाकीवर तो लावलात तर पाण्याचा चहा होईल, असे म्हणून काका हसले आणि त्यांनी मला खाली काढले. पैसे घेताना ते एवढेच बजावून म्हणाले, की ट्यूब पेटत असल्या तरी वर्षाच्या वर्षाला बदलायच्या. त्यांचा जोर ओसरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझी कामाची वर्षे अशी सुरू झाली. सकाळी ताई बटण दाबत, संध्याकाळी दवाखाना बंद करताना विझवत. खाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर उडत, पत्रा तापे, पाठ दुखे. पण खाली शिंपला बाळसे धरत होता आणि त्याची झालर मोरपिसासारखी झाली होती. येणारा-जाणारा टाकीपाशी थबके. दिवा चांगला निवडलात, असे कुणी म्हणाले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

डॉक्टरांची एक युक्ती होती. एखादे मूल तोंड घट्ट मिटून बसले की ते त्याला टाकीसमोर नेत, स्वतः उकिडवे बसत आणि म्हणत, "बघ, हा कसा आ करून बसलाय. घाबरतोय का? तसंच तूही करायचं." भली भली हट्टी मुले मग खुर्चीवर गुपचूप तोंड उघडत.

पुढे माझ्या मापाच्या ट्यूब बाजारात मिळेनाशा झाल्या. काकांनी नवा दिवा घ्या म्हणून सुचवले. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, जुनं ते सोनं, पेटतोय तोवर चालू दे. त्या कौतुकाने मला आनंद झाला नाही. माझ्यात काय उरले आहे, ते मला ठाऊक होते.

मी दिसायला पेटत होतो, पण उजेडातला कस निघून चालला होता. खाली शिंपल्याने झालर आणखी पसरली. मग आणखी. वाढपी आपल्याला विसरेल म्हणून एखाद्याने ताट पुढे पुढे सरकवावे, तशी ती शिंपांच्या काठांवरून लोंबू लागली. तो उपाशी होता, मित्रांनो. आणि लोक म्हणत होते, अहाहा, केवढा आ केलाय! डॉक्टरांनी तर त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला.

झालर मधोमध फिकी पडू लागली, तेव्हा ताईंनी ते डॉक्टरांच्या कानावर घातले. वय झालं, माझे नाही का केस पिकले, असे म्हणून त्यांनी विषय हसण्यावारी नेला. तरी दोघांनी काच घासली, पाणी बदलले, मिठाचे प्रमाण तपासले. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी रोज वरून पाहत होतो. कधी वाटे, पुरे झाले, विझून जावे. पण मी विझलो तर त्याला आहे तो घासही मिळणार नाही आणि जळत राहिलो तर कुणाला संशय येणार नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत झाली होती.

एका दुपारी डॉक्टरांची खुर्ची दुरुस्त करायला कारागीर आला. जाताना त्याने खुर्चीवरच्या दिव्याचा बल्ब बदलला, चांगला पेटत असतानाच. पुढच्या रोग्याच्या तोंडात पाहताना डॉक्टर एकदम थांबले. अरे, इतके दिवस मी अंधारातच बघत होतो की काय, असे ते पुटपुटले. रोज थोडा थोडा कमी झाला, म्हणून कळलं नाही, असे कारागीर हत्यारे आवरत म्हणाला.

रोगी गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग टाकीसमोर उकिडवे बसून शिंपल्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ताई, हा उपाशी आहे हो. आणि आपण त्याला मुलांना दाखवत बसलो."

"मलाही तो बरा वाटत नव्हता, डॉक्टर," ताई हळूच म्हणाल्या. "पण मुलं इतकी खूश व्हायची, की मीच मनाची समजूत घातली."

त्याच संध्याकाळी नवा दिवा आला आणि मला खाली उतरवले. डॉक्टर तो पूर्ण जोरावर लावायला निघाले होते, पण काकांनी फोनवरून थांबवले. उपाशी जिवाला एकदम भरल्या ताटावर बसवू नका, म्हणाले. मग ताईंनी या मांडणीवरून जखमेच्या पट्टीची पांढरी जाळी नेली आणि टाकीच्या काचेच्या झाकणावर घड्या घालून पसरली. थोडे दिवस गेले की त्या एक पदर काढत. मी दाराच्या फटीतून पाहत पडलेलो असे. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण उशीर तर झालाच होता.

शेवटचा पदर निघाला, तोवर झालरीच्या मधला फिका डाग भरून येत होता आणि लोंबणारे काठ शिंपांच्या आत सरकले होते. दात दुखतो म्हणून आलेल्या एका मुलीने तक्रार केली, की हा फोटोतल्यासारखा आ करत नाही.

"पोट भरलंय त्याचं," डॉक्टर म्हणाले. "चल, आता तुझा दात बघू."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात. माझे मागणे निराळे आहे. आमच्यावर कुणाचा जीव अवलंबून असेल, तर आमचे कौतुक थोडे कमी करा आणि आम्हांला तपासून पाहा. थकलो असू तर वेळेवर खाली उतरवा, आम्ही रागावणार नाही. आणि कुणी आ करून बसलेले दिसले, तर टाळ्या वाजवण्याआधी जेवलास का, एवढे विचारा.

सकाळी ताई येतात आणि बाहेर बटणाचा आवाज होतो. पूर्वी तो आवाज झाला की मी स्वतःलाच विचारी, आज तरी मी त्याला पुरेन का. आता आवाज होतो, दाराच्या फटीतून लख्ख उजेड आत येतो आणि मी नुसता पडून राहतो. बाहेर त्याचे जेवण सुरू झालेले असते.