दोघांत एक तोंड

परदेशात आल्या आल्या तिने तिथली भाषा शिकायला घेतली, कारण हॉटेलच्या लॉन्ड्रीत न बोलून चालण्यासारखं नव्हतं. नवरा फरश्या बसवायचा. "फरशीला कुठे भाषा लागते? या वयात काय पाटी-पेन्सिल घेऊन बसू?" असं म्हणून त्याने विषय उडवून लावला. तेव्हापासून घरमालक असो, बँक असो, मुकादम असो, त्याचं तोंड तीच झाली. तो तावातावाने बोलायचा. ती त्यातल्या शिव्या गाळून, वर थोडं आर्जव घालून पुढे सरकवायची. दिवसभर चादरींना इस्त्री करून पाय भरून यायचे, आणि घरी आलं की फोन तिच्याच हातात.

त्याचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा रजा टाकून ती त्याला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी एक्स-रे बघितला आणि सगळं तिच्याकडेच बघून सांगितलं. फरशी कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसली आहे. बसली ती आता निघायची नाही. काम सोडलं तर निदान आजार लवकर वाढणार नाही.

"काय म्हणतायत?" नवऱ्याने विचारलं.

तिने पर्स उचलली. "धुळीला जपा म्हणतायत."

"इतकं बोलल्या आणि एवढंच?"

"एवढंच."

जिन्यात त्याने तिचा दंड धरला. "तुझा चेहरा बघितलाय मी. खरं काय ते सांग."

कठड्याला टेकून तिने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा बांध फुटला. "आधी मीच ऐकायचं, मीच गिळायचं, आणि मग मीच तुम्हाला सांगायचं. घरमालकाशी भांडेन हो तुमच्या वतीने, पण हे माझ्याच्याने होत नाही. थकले मी."

त्याच आठवड्यात संध्याकाळी तो शर्ट बदलून वाचनालयातल्या भाषेच्या वर्गाला जाऊन बसला. आपली मुलं शोभतील अशा तरुणांत बसून 'मला दुखतं', 'पुन्हा सांगा' घोकू लागला. आंघोळ करतानाही पुटपुटणं चालूच. उच्चार असे की तिला हसू आवरायचं नाही. ती हसली की तो चिडायचा, आणि चिडून पुन्हा तिलाच विचारायचा. आता ही शिकवणीही माझ्याच गळ्यात, असं तिला वाटायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या दाराशी तो म्हणाला, "तू बाहेर बस. मी जातो."

बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. त्याने तिचा खांदा हलवला तेव्हा ती दचकून जागी झाली.

"काय म्हणाल्या?"

"काम सोडायचंच म्हणाल्या. मी म्हटलं, मग करू काय? तर म्हणे, धूळ नसेल ते काहीही करा. औषध दिलंय. पुन्हा यायचं तीन..." तो अडखळला. "आठवडे की महिने, तेवढं निसटलं बघ."

सवयीने ती उठली, दार ढकलून आत गेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बाजूला होऊन मागोमाग आलेल्या नवऱ्याला पुढे केलं. त्याने मोडकंतोडकं विचारलं. बाईंनी सावकाश, त्याच्याकडे बघून सांगितलं.

"महिने," तो तिला म्हणाला.

तिला ते आधीच कळलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि बाकावर राहिलेली पर्स घ्यायला वळली.