बाळाबाईच्या मुठीतली डबी

मी मिश्रीची डबी बोलतेय. स्वतःला औषधाची म्हणू की विषाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निपाणीच्या बाजारात बोरगावच्या बाळाबाईनं मला विकत घेतलं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड माझ्यात भरायची. सकाळी त्याच पुडीनं ती दात घासायची.

तिची सून अक्काताई. पहिल्या बाळंतपणानंतर अक्काताईच्या हिरड्या ठणकू लागल्या. बाळाबाईनं मला तिच्यापुढं केलं.

"लाव गं जरा. हिरडी घट्ट हुतीया."

अक्काताईनं बोट फिरवलं आणि ठणका थांबला. आपण कुणाच्या तरी कामाला आलो, असं मला वाटलं.

पुढं दहा वर्षं, दुखलं की मी. पण हिरड्या सुजतच गेल्या. रक्त यायचं, वास यायचा. अक्काताई पदर तोंडावर धरूनच बोलायची. पुढचे दात हलू लागले. भाकरी चावेना, तशी ती पातळ आंबिलीवर दिवस काढू लागली. मी रोज दुखणं थांबवत होते, मग हे वाढत कसं होतं?

१९३८ साली तिचा नवरा भावकू तिला मोटारीनं बेळगावला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी तिच्या कनवटीला होते.

"समदं दात काढणार व्हय?" तिनं विचारलं. तिला बत्तिसावं लागलं होतं.

"सगळे नाही. पण मुळाशी दगडासारखं किटण साचलंय, त्याखाली पू झालाय. हिरडी दाताला सोडत चाललीय. बाई, मिश्री बंद करा."

"मिश्रीनंच तर दुखायचं थांबतंय."

"थांबत नाही. बधिर होतं. रोग आत चालूच राहतो."

दोन दात गेले. बाकीच्यांचं किटण खरवडताना केवढं रक्त आलं. मी लावल्यावर कधी एवढं येत नसे. मग बरं कोण करत होतं?

मिश्री सुटल्यावर तिचं डोकं दुखायचं, पोट साफ होत नसे. दोनदा तिनं मला हातात घेतलं, झाकण न उघडता ठेवून दिलं. रोज मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा, बाभळीची मऊ काडी आणि बेळगावच्या आणखी तीन खेपा. तीन महिन्यांनी तिला भाकरी चावून खाताना मी कोनाड्यातून पाहिलं.

मग मला बाळाबाईनं परत घेतलं.

आता बाळाबाईच्याही हिरड्यांतून रक्त येतं. आज दुपारी मला मुठीत धरून बसलेल्या सासूसमोर अक्काताई उजेडात बसली.

"आत्ती, तोंड उघडा बघू."

बाळाबाई कधी सुनेचं ऐकत नाही. पण आज तिनं तोंड उघडलं. अक्काताईनं एकेक दात हळूच हलवून पाहिला.

"बेळगावला जाऊया. मी येतो संगं."

बाळाबाई व्हय म्हणाली.

"मग डबी द्या हिकडं."

बाळाबाईनं मूठ आणखी आवळली. मी त्या मुठीत आहे. ती उघडावी की उघडू नये, काय मागू, तुम्हीच सांगा.