पोचल्याचा निरोप

"चपला इथेच काढून ठेवा, आजी. बोटीवर चप्पल चालत नाही."

पारूबाईने त्या लाल टोपीवाल्या माणसाकडे पाहिलं, मग धक्क्यावर पडलेल्या चपलांच्या ढिगाकडे पाहिलं.

"फुडं देऊळ हाय व्हय?" तिने विचारलं.

मागे उभ्या असलेल्या पुण्याच्या बायका हसल्या. गेणू मात्र हसला नाही. तो गुडघ्यावर हात टेकून खाली वाकला, तिच्या पायांतल्या चपला काढल्या आणि ढिगापासून लांब, आपल्या चपलांना लावून ठेवल्या. देऊळच समज बाई, तो मनात म्हणाला.

लाल टोपीवाला आता केशरी जाकीट घेऊन आला. पारूबाईच्या काखेत एक गाठोडं होतं, आणि गाठोडं काखेत असताना जाकीट काही बसेना.

"हे गाडीत ठेवा की. खाण्यापिण्याचं सामान चालत नाही."

"ऱ्हाऊ द्या सायेब तिच्यापशी," गेणू म्हणाला. "ते काढून घेतलं तर ती येनार न्हाई. आनि ती न्हाई आली तर आमी एवढ्या लांब आलोच कशाला?"

माणूस भला होता. त्याने जाकीट सैल केलं आणि गाठोड्यासकट तिला त्यात बांधून टाकलं. लेक सुप्रियाने आईचा एक हात धरला, जावई स्वरूपने दुसरा, आणि गेणू मागून निघाला. जन्मभर दुसऱ्यांना पाण्यावरून नेणारा हा माणूस आज पहिल्यांदा तिकीट काढून पाण्यावर बसत होता. ते तिकीटही जावयाने काढलेलं, त्यामुळे तो आणखीनच अवघडला होता.

भोरच्या पश्चिमेला जे धरण आहे, त्याच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कुशीत गेणूची वाडी. खाली दरीत पळसबेंद नावाचं गाव होतं, ते पारूबाईचं माहेर. हिचं लग्न झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी अडलं. सासरच्या अंगणात उभं राहून या पोरीने आपल्या बापाच्या घरावर पाणी चढताना पाहिलं. आधी गोठा गेला, मग ओटा, मग कौलं. शेवटी जननीआईच्या देवळाचं शिखर तेवढं उरलं, आणि एके सकाळी तेही दिसेनासं झालं. भावांना शिरवळच्या पलीकडे माळावर जमिनी मिळाल्या. ते गेले. गेणूला वाडीतून रस्त्याकडे माणसं नेणाऱ्या लाँचवर नोकरी लागली.

लाँचची वाट नेमकी पळसबेंदवरून जायची. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हातारी म्हणाली, आईच्या डोक्यावरून इंजिन धडधडवत नेऊ नको रे. तेव्हापासून देवळाच्या वर आलं की गेणू इंजिन बंद करायचा आणि टोपी काढायचा. लाँचमधली माणसं पायातलं काढायची, बायका भाकरीचा तुकडा, कुणी खण-नारळ पाण्यात सोडायच्या. लाँच आपल्या वेगाने थोडी पुढे सरकायची आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. सरकारी लाँच, सरकारी डिझेल, पण ह्या थांब्याबद्दल कुठल्या साहेबाने कधी ब्र काढला नाही.

पळसबेंदच्या लेकीबाळींना तेच माहेर उरलं होतं. त्या यायच्या, हात जोडायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "गेणूदा, घरी निरोप दे, म्हायेरी पोचले म्हनावं." कारण दोन्ही काठांचे निरोपही गेणूच पोचवायचा. कोण बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, कुणाला न्यायला यायचं. मोबाईल आले तरी वाडीत रेंज नव्हती, म्हणून निरोप चालूच राहिले. निरोप शिळा करायचा नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा. भर पावसात चढ चढून जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगायचा आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरायचा.

मग पूल झाला. उद्घाटनाला गेणूच्या गळ्यात हार घातला आणि दुसऱ्या दिवसापासून लाँच बंद केली. ती आता काठावर उपडी पडली आहे आणि तिच्या पोटाखाली शेळ्या बसतात.

पारूबाईचं विसरणं त्यानंतर सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग चूल पेटवून ती रानात जायला लागली. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, औषध आहे पण उतार नाही. तिला आवडेल तिथे न्या, आनंदात ठेवा. आणि पारूबाईला आता एकाच ठिकाणी जायचं होतं. दिवस कलला की ती खण, नारळ, भाकरी फडक्यात बांधायची आणि दाराशी येऊन म्हणायची, "मला म्हायेरी सोडा."

भावांकडे नेलं होतं तिला. स्वरूपने गाडी थेट अंगणात लावली. ती उतरली, भाच्यांच्या सिमेंटच्या घराकडे पाहिलं, "ह्ये नव्हं," म्हणाली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली. पंधरवड्यापूर्वी तर ती धरणात मांडीएवढ्या पाण्यात उभी सापडली. मासे धरणाऱ्यांच्या होड्या होत्या, पण बसल्या जागी उठून उभी राहणाऱ्या बाईला त्या डगमगत्या फळकुटात बसवायची गेणूची छाती झाली नाही. जन्मभर हजार लेकींना माहेरी सोडलं आणि स्वतःची बायको तेवढी राहिली, हे त्याला आत कुठेतरी फार लागत होतं.

सुप्रियाने मोबाईलवर ही बोट पाहिली होती. कॅटमरान. स्वरूप म्हणाला, "मामा, दोन होड्या जोडल्यात बगा, ही उलटत नाय. मामी उभ्या राह्यल्या तरी काय व्हनार नाय." सुप्रिया म्हणाली, "आण्णा, निदान पाण्यावर जाऊन आल्यासारखं वाटंल तिला." गेणूला ते पटलं नव्हतं. पण पटण्यासारखं दुसरंही काही हातात नव्हतं. म्हणून ते वरंध घाट उतरून कोकणात आले, रात्री एका घरगुती खोलीत राहिले आणि सकाळी किनाऱ्यावर आले. समुद्र बघून पारूबाई एवढंच म्हणाली, "औंदा धरान लईच भरलंय."

बोट निघाली. दोन लांबट होड्यांवर माच बांधावा तशी तिची बांधणी होती, पुढे जाळी आणि जाळीखाली हिरवं पाणी. किनाऱ्याकडेने सुरूची बनं, मग नारळाच्या वाड्या, मग तांबडा कडा आणि त्याच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा, असं एकेक मागे जात होतं. बोट चालवणारा तांडेल कुठे काय आहे ते सांगत होता. पुण्याच्या बायकांनी गाणी लावली होती. स्वरूप फोटो काढत होता. गेणूला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. त्याचा उजवा हात सारखा चाक शोधत होता, म्हणून शेवटी त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

पारूबाई मात्र सुखाने बसली होती. वाऱ्याने पदर डोक्यावरून खाली आला तर तिने तो पुन्हा घेतला. हे बघून गेणूचा जीव थोडा खाली पडला. परक्या माणसांत आहोत एवढं तरी हिला कळतंय, तो मनाशी म्हणाला.

बोट कड्याला वळसा घालून आतल्या खाडीसारख्या शांत पाण्यात आली.

"आता इंजिन बंद करतो," तांडेल ओरडला. "शीड चढवू. जरा गाणी थांबवा, ताई. दर्याचा आवाज ऐका."

इंजिन बंद झालं.

बोट आपल्या वेगाने पुढे सरकत राहिली. पाणी दोन्ही अंगांना हळू वाजत होतं. गेणूचा हात मांडीखालून निघून डोक्याकडे गेला आणि टोपी काढून त्याने ती छातीशी धरली. हे त्याने ठरवून केलं नाही. इंजिन बंद झालं की तो हात तसाच जायचा.

पारूबाई त्याच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याकडे नीट बघत होती. तिचे डोळे एकदम उजळले. ओळखलं, त्याला वाटलं. ओळखलं हिनं मला!

"आलं का, गेणूदा?" ती म्हणाली.

पारूबाईने लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढे करायची. सगळा काठ त्याला गेणूदा म्हणायचा, पण ती आपली "आवं" म्हणूनच हाक मारायची. आज पहिल्यांदा तिने नाव घेतलं आणि त्याला भाऊ केलं.

"आई, आगं काय बोलतीस?" सुप्रियाचा आवाज चिरकला. "आण्णा हायेत ते! आपले आण्णा!"

गेणूने हाताचा पंजा वर करून सुप्रियाला थांबवलं. मी तुझा नवरा, असं त्याने घरी किती वेळा सांगून पाहिलं होतं. सांगितलं की ती घाबरायची, कोपऱ्यात सरकून बसायची आणि परक्याने कोंडून ठेवल्यासारखी रडायची. आत्ता ती घाबरली नव्हती. ती हसत होती. ते हसणं मोडायचं की आपल्याला तिच्या आयुष्यातून वजा करायचं, एवढंच ठरवायचं होतं. बोट थांबण्याच्या आत ठरवायचं होतं.

"व्हय बाई," तो म्हणाला. आवाज काठावरच्या गेणूदाचाच निघाला. "आलं. ही जननी. सावकाश उटा."

तो उठला आणि आधार द्यायला दंड पुढे केला. पारूबाई उभी राहिली. बोट हलली नाही. जावयाने सांगितलं होतं ते खरं होतं. कडेला येऊन तिने गाठोडं सोडलं. खण पाण्यात सोडला, भाकरीचा तुकडा सोडला. नारळ सोडला तेव्हा तांडेलाने दोर खाली ठेवून हात जोडले. दर्यावरच्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही. पुण्याच्या बायकाही उभ्या राहिल्या होत्या. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्यातल्या एकीने डोक्यावर ओढणी घेतली.

"म्हायेर बरं हाय बाई," पारूबाई खाली पाण्यात बघत म्हणाली. "अंगान सारवलंय." मग गेणूकडे वळून तिने आवाज खाली आणला. "गेणूदा, तुमी वरच्या वाडीचंच न्हवं?"

"व्हय."

"मग आमच्या घरी निरोप द्या. मालक वाट बगत असत्याल. त्येंना म्हनावं पारू पोचली. दोन दिस ऱ्हाते आनि येते." ती थांबली, मग थोडी लाजून म्हणाली, "जेवत न्हाईत वो ते येकटं असल्यावर. जेवा म्हनावं."

गेणूच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर तिला दिसलं असतं.

"सांगतो," तो म्हणाला.

शीड चढलं आणि बोट फिरली. परतताना पारूबाई सुप्रियाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, ती घाट चढून गाडी भोरच्या पुढे, सुप्रियाच्या सासरी वरव्याला येईपर्यंत. सुप्रियाच्या घरात पाऊल टाकताच म्हणाली, "वयनी, पानी दे गं." सुप्रियाने डोळे पुसले आणि भावजय होऊन पाणी दिलं. ते पिऊन पारूबाई पाय पसरून ओट्यावर अशी बसली, जशी बाई फक्त माहेरी बसते.

"आण्णा, राहू द्या हिला इथंच," सुप्रिया हळूच म्हणाली. "पाण्यापासून लांब. तुमीपण राहा."

"म्हस हाय," गेणू म्हणाला.

"मग सकाळी सोडतो की मी, मामा," स्वरूप म्हणाला. "आज दमलाय तुमी."

"आजच जातो. निरोप हाय येक."

निघताना गेणूने ओट्याखालून आपल्या चपला घेतल्या. तिच्या तिथेच राहिल्या. तिने वर बघून विचारलं, "निघाला गेणूदा? इसरू नगा हां." तो मान हलवून बाहेर पडला.

भोरपर्यंत एसटी मिळाली, पुढे जीप. जीप पुलावरून धाडधाड गेली. गेणूने टोपी काढून मांडीवर ठेवली, कुणाचं लक्ष गेलं नाही. फाट्यावर उतरून तो चढ चढला तेव्हा दिवेलागण झाली होती. वाडीतल्या बाकीच्या घरांत उजेड होता. त्याच्या घराला कडी होती आणि गोठ्यातून म्हैस हंबरत होती.

त्याने कडी काढली, दार ढकललं, पण आत गेला नाही. दोन पावलं मागे येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली.

"घरात कोन हाय का?" त्याने अंधारात हाक दिली. "निरोप हाय. पारू पोचली म्हायेरी. सुखरूप हाय. दोन दिस ऱ्हाऊन येते म्हनाली." निरोप अर्धा ठेवायची त्याला सवय नव्हती. "आनि तुमी जेवा म्हनाली."

मग त्याने टोपी डोक्यावर घातली, उंबरा ओलांडून आत आला आणि दाराबाहेरच्या अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ द्या तिला."

दिवा लावून त्याने म्हशीला वैरण टाकली. परत येऊन चूल पेटवली आणि परातीत एका भाकरीपुरतं पीठ घेतलं.